आमची हरकत नाही

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. ‘बरे’ हा शब्द मी विचार करून वापरला आहे, कारण हिची कंबर दुखते. पण ही म्हणते की पत्रात कळवण्याइतकी दुखत नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. वसतिगृहातल्या मुलींना खाली बोलाव, त्यांचे गुडघे नवे आहेत.

तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा पोचला. दोन खोल्या, मधे दार, खिडकीशी बसायला ओटा. तू लिहिलं आहेस की सगळी नोकरी क्वार्टरमध्ये गेली, घंटेवर उठले आणि घंटेवर झोपले, आता निवृत्त झाल्यावर स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप लावायचं आहे. वाचून गलबलून आलं. बाबांनी घर मला दिलं आणि घराच्या डाव्या हाताची मोकळी जागा तुला, तेव्हा त्यांच्या मनात हेच असणार. नकाशा मी खिशातच ठेवला आहे, येता-जाता बघायला. जागेबद्दल सविस्तर लिहायचं आहे, पण आधी एक मोठी बातमी.

आपली गल्ली जागी झाली आहे.

तुला ठाऊकच आहे, गल्ली आपल्या घराशी येऊन संपते. मागे उंच भिंत, भिंतीपलीकडे मोठा रस्ता, बसथांबा आणि दवाखाना. बसचा कंडक्टर खोकला तरी आपल्याला ऐकू येतो. पण बस पकडायची तर उलटं चालत गल्लीच्या तोंडाशी जायचं आणि सगळ्या वस्तीला वळसा घालायचा. बाहेरच्या गाड्यांना हे कुठून कळणार? मोठ्या रस्त्याचा आवाज ऐकून त्या आत घुसतात, आपल्या दाराशी येऊन भिंतीकडे बघत बसतात आणि मागे मागे जाताना शिंप्याच्या पायरीला धडकतात. मागच्या महिन्यात एका टेम्पोनं पायरीचा कोपराच नेला. शिंपी म्हणाला, “कापड असतं तर रफू तरी केलं असतं.”

त्यावरून शिंप्याच्या दुकानात सभा भरली आणि चौकशीबाई अध्यक्ष झाल्या. त्या तू गेल्यानंतर राहायला आल्या. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून निवृत्त झाल्या, म्हणून हे नाव. पण खिडकी सुटली तरी चौकशी सुटलेली नाही. बोलणंही तसंच. “कृपया इकडे लक्ष द्यावे. सभा थोड्याच वेळात सुरू होत आहे. उशिराबद्दल दिलगीर आहोत.” उशीर झालेला नसतो.

गल्लीच्या तोंडाशी पाटी लावायची ठरलं. मजकुरावर घोडं अडलं. ‘पुढे रस्ता नाही’ असं सुचलं, तर कंपाउंडरच्या सासूबाई उसळल्या, “माझ्या वयाच्या बाईनं रोज घरी येताना हे वाचायचं? पुढे रस्ता नाही?” ‘गल्ली संपली’ हेही त्यांना चालेना. ‘परत फिरा’ला शिंप्याचा विरोध. “गाड्या फिरतील तशी गिऱ्हाइकंही फिरतील. त्यांना काय, निमित्तच पाहिजे.”

मग सगळे माझ्याकडे वळले. जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला माणूस, शब्दांचं काम ह्याचंच. मी रात्रभर नाही, पण संध्याकाळभर विचार केला. कुणाला दुखवणार नाही, घाबरवणार नाही, आणि नेमकं असेल असं वाक्य हवं होतं. मी लिहून दिलं: ‘या गल्लीला पुढे वळण नाही.’

पेंटरला पाटीवर जागा पुरेना. त्यानं ‘पुढे’ गाळला.

ताई, गेले कित्येक दिवस आपल्या गल्लीच्या तोंडाशी, पांढऱ्यावर लाल, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेलं आहे: ‘या गल्लीला वळण नाही.’ शेजारच्या गल्लीतले लोक फोटो काढायला येतात. पूर्वी न येणाऱ्या गाड्याही आता आत शिरतात, वळण नसलेली माणसं दिसतात कशी ते बघायला. चौकशीबाई म्हणाल्या, एक शब्द घालून दुरुस्ती करा. मी ‘उजवे-डावे’ सुचवला, पेंटरला पुन्हा जागा पुरेना, आणि त्यानं त्याच्या अकलेनं बसेल तो शब्द घातला. आता पाटी आहे: ‘या गल्लीला कोणतेही वळण नाही.’

ही म्हणते, “इतकी वर्षं लोकांच्या चुका शोधल्यात, एक स्वतःची करून बघितलीत, बरं झालं.”

असो. जागेचं एवढंच, की तुझ्या बाजूच्या भिंतीला एक बारीकशी फट पडली आहे. काळजीचं कारण नाही. नकाशाबद्दल सवडीनं लिहितो.

तुझा,
धाकटा


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या कार्डावर एकच ओळ: ‘फट कशी पडली?’ मुलींना तू ज्या आवाजात विचारत असशील त्याच आवाजात ती मला ऐकू आली, आणि मी कार्ड उभ्यानं वाचलं.

आधी एक दुरुस्ती. फट ‘पडली’ हे बरोबर नाही. पाडली. कुणी, हा कर्त्याचा प्रश्न आहे. तो आधी घेतला तर क्रियेवर अन्याय होईल. म्हणून सगळं क्रमानं सांगतो.

सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. घोटा टम्म सुजला. कंपाउंडरनं रिक्षा बोलावली. रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशी आला, त्यानं पाटी वाचली, आणि आत वळायला जागाच नाही असा अर्थ घेऊन निघून गेला. ताई, त्या पाटीनं आजवर अडवलेली ती एकमेव गाडी.

सासूबाईंचं विव्हळणं ऐकून गल्ली जमली. दवाखाना भिंतीपलीकडे, दारावरची घंटासुद्धा ऐकू येत होती. तेव्हा शिंपी म्हणाला, “वळसा कशाला? वरून देऊ.” खुर्ची आली, शिडी आली. तुझ्या जागेतून, कारण मोकळी तीच होती, आम्ही सासूबाईंना खुर्चीसकट भिंतीवर चढवलं. खालून कंपाउंडरचा खांदा होता.

“जावई, लग्नात हात आखडलात, आज तरी आखडू नका!”

“आई, तुम्ही आधी हलू नका!”

“मी हलत नाही, तुम्ही थरथरताय. हळू! सासू आहे मी, सिमेंटचं पोतं नाही.”

“पोतं असतं तर केव्हाच गेलं असतं,” कंपाउंडर पुटपुटला. ते भिंतीच्या दोन्ही बाजूंना ऐकू गेलं.

वर पोचल्यावर सासूबाईंनी जरा थांबायला सांगितलं. घोटा विसरून इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अगंबाई, इथून तर सगळं दिसतं!” थांब्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पलीकडच्यांनी त्यांना उतरवून घेतलं.

आता परत येताना? प्लास्टर घातलेल्या पायानं पुन्हा भिंतीवरून येणार नाही असं त्यांनी निक्षून सांगितलं. “एकदा मिरवणूक झाली, पुरे.” म्हणून त्यांना एका कुशीवर करून आणता येईल इतक्या विटा काढल्या. ती फट.

मागच्या पत्रात ‘बारीकशी’ लिहिलं होतं, ते लिहिताना खरं होतं. मग कंपाउंडरला कामावर जायला तीच सोयीची वाटली. तो रुंद माणूस आहे, म्हणून आणखी काही विटा निघाल्या. तेव्हा ‘भोक’ म्हणणं जास्त रास्त ठरेल. त्यानंतर शिंप्याची गिऱ्हाइकं बसमधून उतरून थेट येऊ लागली, आणि कपड्यांना चुना लागतो म्हणून त्यानं कडा सारख्या करून घेतल्या. काल ही म्हणाली, “तुमच्या भोकातून आज सायकल गेली. मागे बसलेल्या माणसासकट.” मी बघून आलो. ‘खिंडार’ हा शब्द कदाचित चालेल. शब्दकोशात मी रुंदीची अट शोधली, दिलेली नाही.

पण ताई, तू इथे असायला हवी होतीस. चौकशीबाई सकाळी तिथे उभ्या राहून सांगतात, “दवाखान्याकडे जाणाऱ्या प्रवाशांनी डोके सांभाळून डावीकडून जावे.” ज्यांना वळसा झेपत नव्हता ती म्हातारी माणसं आता रोज पाय मोकळे करायला जातात. कंपाउंडर वेळेवर कामावर पोचतो. डॉक्टर घड्याळ दुरुस्तीला देणार होते म्हणे. आणि जाता-येता लोक मला थांबून म्हणतात, “साहेब, तुमच्यामुळे झालं हो.” मुद्रितशोधकाला उभ्या जन्मात असं कुणी म्हणत नाही. पुस्तक चांगलं झालं तर लेखकाचं, चूक राहिली तर आमची. मला ते फार आवडतं, हे कबूल करतो, आणि आवडावं का, असंही स्वतःला विचारतो.

हे सगळं तात्पुरतं आहे. ‘तात्पुरतं’ची मुदतही शब्दकोशात दिलेली नाही.

तुझ्या नकाशावर मी विचार करतो आहे.

तुझा,
धाकटा


९ मार्च

प्रिय ताई,

कार्ड पोचलं. ‘फट, भोक, खिंडार. पुढचा शब्द कुठला? तुला कुणी विचारलं होतं का? तू काय म्हणालास? शब्दशः लिही.’

पुढचा शब्द ‘रस्ता’. गल्लीनं तुझ्या जागेतून भिंतीपर्यंत फरशी घालायचं ठरवलं आहे.

मला विचारलं होतं. सासूबाईंना आणल्यानंतर, ही वाट ठेवायची का, ह्यावर सभा झाली, तिच्यात. चौकशीबाईंनी आवाज लावला, “जागेच्या मालकांची हरकत असल्यास त्यांनी ताबडतोब कळवावे.” सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. सासूबाई पाय शिवणयंत्रावर टाकून बसल्या होत्या, त्या इतक्या कौतुकानं बघत होत्या की मी उभा राहिलो. मी म्हणालो, आणि हे शब्दशः आहे:

“आमची हरकत नाही.”

टाळ्या पडल्या. मी बसलो आणि बसता बसताच मला तो शब्द टोचला. ‘माझी’ म्हणालो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, “आणि ताईंची?” ‘आपली’ म्हणालो असतो तर सगळी गल्लीच मालक झाली असती, ते हास्यास्पद होतं. ‘आमची’ हा शब्द मात्र मोठा सोयीचा. समोरच्याला तो बाहेर ठेवतो. पण आत कोणकोण आहे, ते सांगत नाही. मी तुला त्या शब्दात घातलं आणि दार लावून घेतलं. तू इतकी लांब होतीस की तुला ढकलावंही लागलं नाही.

घरी आल्यावर हिनं विचारलं, “आमची म्हणजे कुणाची?”

“म्हणजे... घराची.”

“घरानं तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही. ताईंना विचारलंत?”

“विचारणार आहे.”

“वा! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं, आणि मग हलवायाला सवडीनं कळवायचं?”

मी म्हणालो की लोकांचं भलं होत असेल तर ताई नाही म्हणणार नाही. ही म्हणाली, “मग विचारायला भीती कसली?” मी कागद-पेन घेऊन टेबलाशी बसलो. आणि तुला पाटीची गंमत लिहिली. गंमत खरी होती, पण ती मी दाराआड सामान लावावं तशी लावली होती.

तुझ्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली आणि मधलं दार फरशीखाली जातं. उरलेल्या जागेत एक खोली होईल, पण तिच्या खिडकीसमोरून दिवसभर गल्ली जाईल. सगळा जन्म तू मुलींच्या वर्दळीत काढलास. आता दाराला कुलूप लावायचं म्हणालीस, आणि मी दारच वाटेला दिलं.

मी चुकलो. तुला राग आला असेल तर तो योग्य आहे. एवढंच सांगायचं होतं.

तुझा,
धाकटा

ता. क. वर ‘एवढंच’ लिहिलं, ते खोटं आहे. पाकीट चिकटवलं होतं, वाफेवर धरून पुन्हा उघडलं. ही चहा टाकत होती, म्हणाली, “आता काय राहिलं?” हे राहिलं.

सभेच्या आधी गवंडी मोजमापाला आला होता. टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. घराच्या उजव्या हाताची माझी लांबट खोली तू पाहिली आहेस. पुढे गल्लीला लागून, मागे त्याच भिंतीला लागून. टेबल, शब्दकोश, माझ्या रोजनिश्या, बस्स. गवंडी म्हणाला, “साहेब, ही खोली दोन्हीकडून फोडली की सरळ वाट होते. वर छप्परही आहे. मोकळ्या जागेला हात लावायलाच नको.”

मी म्हणालो, “इथे पुस्तकं आहेत.”

तो म्हणाला, “आणि तिकडे?”

मी म्हणालो, “तिकडे काही नाही.”

तुझा नकाशा तेव्हा माझ्या खिशात होता.

दुसरी वाट होती हे गल्लीत कुणालाच माहीत नाही. गवंडी मोजून गेला, आणि त्याला कुणी विचारलं नाही. पोरीबाळींचं आणि म्हाताऱ्यांचं भलं करायला मी निघालो होतो, तेही माझं टेबल जागचं न हलवता.


२ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलं नाही. मी पोस्टमनला विचारायचंही सोडलं, कारण तो हल्ली मला बघून लांबूनच मान हलवतो. हे पत्र उत्तरासाठी नाही. काय झालं ते तुला ठाऊक असावं, म्हणून आहे.

मागचं पत्र टाकून आलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. कबुली दिली की माणसाला उगाचच आपण चांगले झालो असं वाटतं. मी हिला म्हणालो, “सगळं लिहिलं. काही लपवलं नाही. माफीही मागतो आहे.” ही भांडी लावत होती. “माफीला शब्द लागतात,” ती म्हणाली, “ते तुमच्याकडे पोत्यानं आहेत. भिंत बुजवायला विटा लागतात.”

ह्यावर मी काही दिवस चिडलेला होतो. मग चिडलेला राहिलो नाही.

या वेळी आधी हिला विचारलं. “माझी खोली वाटेसाठी द्यावी म्हणतो. तुझी हरकत?”

“खोली तुमची, हरकत तुमची. माझं एकच, ते टेबल माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही.”

मग मी एक कागद तयार केला. पुस्तकात चूक राहिली की आम्ही शेवटी शुद्धिपत्र जोडतो, तेवढंच मला नीट जमतं. सभेत सगळ्यांना वाटला. त्यावर लिहिलं होतं: ‘मागील सभेत “आमची हरकत नाही” असे म्हटले गेले. त्याऐवजी “माझी हरकत नाही” असे वाचावे. जागा ताईची आहे. तिला विचारलेले नाही.’

शिंप्यानं कागद उलटा करून मागे काही आहे का बघितलं.

“म्हणजे ताईंना माहीतच नव्हतं?” कंपाउंडर म्हणाला. “आम्ही रोज जातोय की हो तिथून!”

“मग तेव्हा का नाही बोललास?” सासूबाई म्हणाल्या. “तोंडात काय धरलं होतंस?”

“टाळ्या चालू होत्या,” मी म्हणालो. खरं तेच होतं.

सासूबाई काठी टेकत उठल्या. “बाईमाणसाच्या जागेतून न विचारता मी जाणार नाही,” म्हणाल्या आणि घरी गेल्या. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला जाताना त्या सगळ्या वस्तीला वळसा घालून गेल्या, मागून कंपाउंडर हात जोडत, “आई, निदान आजच्या दिवस!” त्या वळूनही बघेनात. त्यांच्या मागून चौकशीबाई वळसा घालून गेल्या, मग शिंपीही. खिंडार उघडं होतं आणि त्यातून कुणी जाईना. मी टाळ्या ऐकल्या होत्या, ताई, पण ह्या माणसांवर इतका विश्वास मला कधी वाटला नव्हता.

सभेत ‘मग वाट कुठून?’ असं शिंप्यानं विचारलंच होतं. मी म्हणालो, “माझ्या खोलीतून. गवंड्यानं मोजलेली आहे.”

“कधी मोजली?”

“आधीच.”

चौकशीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर खिडकीतून माणसं बघितलेली बाई, चुकलेल्या गाडीचं कारण त्यांना सांगावं लागत नाही. त्यांनी नेहमीचा आवाज लावला नाही. साध्या आवाजात एवढंच म्हणाल्या, “बरं.” मग घसा साफ करून, “प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी, मार्गात बदल करण्यात आला आहे.”

तुझ्या बाजूचं खिंडार बुजलं. गवंड्यानं बांधलं, विटा मी दिल्या. निम्म्या माझ्या खोलीच्या भिंतीतूनच निघाल्या. नव्या विटा जुन्यांत ओळखू येतात, त्याला इलाज नाही. फरशी तुझ्याकडे घातलीच नव्हती. जागा आहे तशी आहे, आणि तिचं काय करायचं ते मी कुणाला सांगत नाही, मनातही.

माझी खोली आता वाट आहे. शब्दकोश आमच्या पलंगाखाली गेले. ही म्हणते, झोपेत शब्द अडला तर हात खाली घाला. टेबल मात्र दारातून निघेना. खोली बांधायच्या आधी आणून ठेवलेलं असणार. आणि दोन्ही भिंती फोडल्या तेव्हा ते बाहेर काढता आलं असतं, हे मला भिंतींच्या कडा बांधून झाल्यावर सुचलं. म्हणून ते एका अंगाला आहे, बाकीच्यातून गल्ली जाते, आणि मी जुन्या जागी बसून हे पत्र लिहितो आहे.

हे वाटतं तितकं सोपं नाही. माणसं थांबतात. एकानं शेजारी पिशवी ठेवून बुटाची नाडी बांधली. एक अनोळखी बाई बसचं विचारून गेल्या. मला आता वेळा पाठ आहेत. ‘मी चुकलो’ असे शब्द असलेल्या पानावर तर हात धरून बसावं लागतं, कारण कंपाउंडर जाता जाता वाचतो आणि मान हलवतो. पहिले काही दिवस मला ह्या सगळ्याचा खूप राग आला. माझी खोली गेली, असं मनात म्हणालो. मग ध्यानात आलं की हेच मी तुझ्या खिडकीसमोर ठेवणार होतो, आणि ‘तिकडे काही नाही’ म्हणालो होतो. रोजनिशीत हे लिहायला घेतलं, तेवढ्यात कुणीतरी खांद्यावरून म्हणालं, “साहेब, थोडं सरकता का?” मी सरकलो.

पत्राच्या शेवटी सवयीनं ‘सर्वांचा नमस्कार’ लिहायला गेलो आणि पेन अडलं. म्हणून आज इथे बसून एकेकाला विचारलं.

कंपाउंडर म्हणाला, “हो, सांगा ना.” शिंपी म्हणाला, “सांगा, आणि पडद्यांची मापं मागवून घ्या.” मी म्हणालो, मापं मागणार नाही, ताईनं आपणहून दिली तर देईल. चौकशीबाईंनी तुझ्या आगमनाची वेळ विचारली. मी सांगितलं, माहिती उपलब्ध नाही. त्यांना उत्तर पटलं.

सासूबाई आत्ताच दवाखान्याकडे गेल्या. म्हणाल्या, “माझा नको सांगूस. तिच्या जागेतून मी न विचारता गेले आहे. माझा नमस्कार मी तिच्यासमोर उभी राहून करीन, ती कधी आलीच तर.”

ही म्हणाली, “माझं मी वेगळं लिहिणार आहे. तुम्हाला दाखवणार नाही.”

तेव्हा या पत्राखाली दोघांचे निरोप विचारून घेतलेले आहेत, दोघींचे नाहीत, चौकशीबाईंची नुसती चौकशी आहे, आणि नमस्कार फक्त माझा आहे. तो घ्यायला तुझी हरकत असू शकते.

तुझा,
धाकटा